मांड्याचा हात : सांध्यांच्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार. अमळनेर

आजपासून ही वही. काम एका वाक्यात: आजी खापरावरचा मांडा (चुलीवरच्या उपड्या मातीच्या भांड्यावर भाजायची मोठी, पातळ पुरणपोळी) करते तो हात संगणकावर उभा करायचा. दीड मिनिटाचं ॲनिमेशन, उंडा, म्हणजे पुरण भरलेला कणकेचा गोळा, हातावर घेण्यापासून मांडा खापरावर पडेपर्यंत.

व्हिडिओ काढून का भागत नाही, असं भावाने विचारलं. लग्नाच्या शूटिंगमध्ये मांडे करणाऱ्या बायका मी कितीतरी वेळा टिपल्या आहेत. त्यात मांडा दिसतो, हात दिसत नाही. पुरण भरलेली पोळी तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत पसरत जाते आणि खालचं सगळं झाकून टाकते. नेमकं तेच मला उघडं करून दाखवायचं आहे. मला मांडा येत नाही. चुलत, मावस, मामे मिळून आम्ही सात बहिणी, सातही जणींना येत नाही. आजी शिकवते तेव्हा "आसं कर" एवढंच म्हणते, आणि ते "आसं" फक्त तिच्या हातांना माहीत आहे.

शरीराचं मॉडेल, म्हणजे संगणकातली बाहुली, धुळ्याच्या मैत्रिणीने करून दिलंय. आतला सांगाडा, म्हणजे रिग, माझ्याकडे. मुदत आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, ३० एप्रिल.

१२ मार्च, बुधवार

सांध्यांच्या मर्यादा भरल्या. ब्लेंडरमध्ये (ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक हाडाला "इथपासून इथपर्यंतच वळ" असं बंधन घालता येतं. आकडे फिजिओथेरपीच्या तक्त्यातले घेतले. खांदा पुढून वर १८० अंश, बाजूने वर १८०, बाहेरच्या बाजूला वळण ९०, आतल्या बाजूला ७०. कोपर ० ते १५०. तळव्याची फिरकी वर ८०, खाली ८०. मनगट तळव्याकडे ८०, मागे ७०, अंगठ्याकडे २०, करंगळीकडे ३०. खुबा पुढे १२०. गुडघा १३५. पाऊल घोट्यातून वर २०, खाली ५०.

एका ठिकाणी अर्धा तास गेला. एका तक्त्यात सरळ कोपर म्हणजे ०, दुसऱ्यात सरळ कोपर म्हणजे १८०. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मोजायची सुरुवात वेगळी. १९६५ साली अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने शून्यापासून मोजायची पद्धत छापली आणि हळूहळू तीच रूढ झाली: माणूस सरळ उभा, हात बाजूला सोडलेले, ती अवस्था शून्य, तिथून जेवढं हललं तेवढे अंश. माझ्या रिगमध्येही तोच शून्य ठेवला.

संध्याकाळी बाहुलीचा हात वर केला. १८० ला गेला, आणि काखेतलं कातडं ओल्या कागदासारखं फाटलं. खांदा मानेत घुसला. आकडा बरोबर, माणूस चूक.

१३ मार्च, गुरुवार

होळी. काम नाही.

१६ मार्च, रविवार

मावशीचा गुडघा बदलला तेव्हा घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम आमच्याच गल्लीत राहतात. लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी फाटलेला खांदा पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या बाहुलीला खवाटाच नाही."

होता की, खांद्यामागचं ते पाठीवरचं चपटं हाड काढलेलं होतं. पण छातीला खिळून टाकलेलं. मॅडमनी भावाला शर्ट काढून पाठमोरा उभा केला. खवाट्याच्या खालच्या टोकावर माझं बोट ठेवलं आणि त्याला हात बाजूने सावकाश वर न्यायला सांगितलं. सुरुवातीला टोक जवळजवळ जागचं हललं नाही. साधारण तीसेक अंशांनंतर ते बोटाखालून निसटायला लागलं, आणि हात डोक्यापाशी गेला तेव्हा माझं बोट त्याच्या बरगडीच्या बाजूला, पार काखेखाली पोचलं होतं. मी एवढी वर्षं माणसं शूट करते. हे कधी पाहिलं नव्हतं.

तक्त्यात "खांदा १८०" लिहिलेलं असतं, त्यातले साधारण १२० अंश दंडाचं हाड आपल्या खोबणीत देतं. उरलेले ६० खवाटा देतो, छातीच्या पिंजऱ्यावरून घसरत, वर वळत. दोनास एक. हे प्रमाण इन्मन, सॉन्डर्स आणि ॲबट यांनी १९४४ साली मांडलं. माणसागणिक आणि हात कितपत वर आहे त्यानुसार ते कमीजास्त होतं, पण कामाला धरायला उत्तम. शिवाय गळपट्टीचं हाडही वर उचललं जातं आणि स्वतःभोवती फिरतं. म्हणजे "खांदा" हा एक सांधा नाहीच. तीनचार जण मिळून ओझं उचलतात आणि नाव एकाचं होतं.

घरी येऊन दंडाला १२० ची मर्यादा घातली आणि खवाट्याला ड्रायव्हर (एक हाड हललं की दुसरं आपोआप हलवणारा दुवा) जोडला: दंड ३० च्या पुढे गेला की त्याच्या प्रत्येक दोन अंशांमागे खवाटा एक अंश. रात्री दीड वाजता हात वर गेला आणि काख फाटली नाही. आईला उठवून दाखवलं.

१९ मार्च, बुधवार

मॅडमनी गोनिओमीटर वापरायला दिला. पारदर्शक प्लॅस्टिकचं कोनमापक, त्याला दोन लांब पट्ट्या. मधला खिळा सांध्याच्या अक्षावर, एक पट्टी स्थिर हाडावर, दुसरी हलणाऱ्या हाडावर. कोपरासाठी खिळा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, स्थिर पट्टी दंडाच्या मध्यरेषेवरून खांद्याच्या टोकाकडे, हलती पट्टी अंगठ्याच्या बाजूच्या हाडावरून मनगटाकडे. दिसायला सोपं आहे. मी आईचं कोपर तीनदा मोजलं: १४१, १४६, १४३. मॅडम म्हणाल्या, पाचेक अंशांचा फरक धरूनच चालायचं. तेवढ्याशा फरकावर "सुधारलं" किंवा "बिघडलं" असं त्या कधी म्हणत नाहीत.

२३ मार्च, रविवार

आजीचं माप. ही नोंद मोठी होणार.

आजी सत्तरी ओलांडलेली, साखर आहे, उजव्या खांद्याचा त्रास आहे. ओसरीवर पाटावर बसवलं. उजवा हात बाजूने वर घ्यायला सांगितला आणि पट्ट्या लावल्या. १३८. मी वहीत लिहिलं आणि खूश झाले, कारण मला वाटलं होतं त्याहून बरंच जास्त निघालं.

मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी आजीच्या खांद्यावर वरून तळवा ठेवला, दुसऱ्या हाताने बरगडी धरली आणि म्हणाल्या, "आजी, आता परत घ्या." या वेळी ९५. मघाचे उरलेले त्रेचाळीस अंश आजीचे होते पण खांद्याचे नव्हते. हात वर घेताना ती डावीकडे कलली होती, खांदा कानाशी उचलला होता. मी पट्टीकडे बघत होते, माणसाकडे बघत नव्हते.

मग बाहेरचं वळण. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात, आणि पुढचा हात दार उघडल्यासारखा बाहेर. डावा ७० ला गेला, उजवा २५ ला थांबला. मॅडमनी स्वतःच्या हाताने अलगद पुढे न्यायचा प्रयत्न केला, तरी २५ च. त्यांनी मला समजावलं: माणूस स्वतः हलवतो ती एक मर्यादा, दुसऱ्याने हलवल्यावर मिळते ती दुसरी. पहिली कमी आणि दुसरी चांगली असेल तर बळ कमी आहे किंवा स्नायू फाटलाय अशी शंका घ्यायची. दोन्ही सारख्याच कमी असतील तर सांधाच आवळलेला. आजीचा आवळलेला. सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आखडते, साखरेच्या रुग्णांत हे जास्त दिसतं, आणि त्यात बाहेरचं वळण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं. हात वर न्यायलाही दंड थोडा बाहेर वळवावा लागतो, नाहीतर हाडाचा उंचवटा वरच्या हाडाला अडतो. ते वळणच नाही, म्हणून उंचीही नाही.

पाच वर्षांपूर्वी खांदा धरला तेव्हा आम्ही तिला एका दवाखान्यात नेलं होतं. "वय झालं" म्हणून गोळ्या दिल्या आणि परत पाठवलं. कुणी हात लावून मोजलं नाही, व्यायाम सांगितला नाही. दोन मिनिटांत कळणारी गोष्ट होती ती. आज मॅडमनी आजीला काठीचा व्यायाम शिकवला: दोन्ही हातांत काठी आडवी धरायची, चांगल्या हाताने ढकलून दुखरा बाहेर न्यायचा. एवढ्या वर्षांनी पूर्ण मोकळा होईल असं त्यांनी सांगितलं नाही. तरी रोज करा म्हणाल्या.

सगळं मोजून झाल्यावर आजी पदर सावरत म्हणाली, "कितलं मोजशी व माय, हात काय कापड शे का?"

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उतरवल्यावर दोन तास बसले.

प्रश्न असा: बाहुलीला तक्त्यातला खांदा द्यायचा की आजीचा? मैत्रीण म्हणते, शिकवायची फिल्म आहे, निरोगी हात दाखव. माझं मन मानत नाही. आजी आजही मांडा करते, पंचवीस अंशांच्या खांद्याने. मॅडम सांगतात की तक्ता हा मोजमापाचा आधार आहे, माणसाचं माप नाही. त्या स्वतः रुग्णाचा दुखरा हात आधी त्याच्याच चांगल्या हाताशी ताडून बघतात. मी डाव्या हाताला आजीचा डावा आणि उजव्या हाताला आजीचा उजवा दिला. दोन बाजू दोन मापाच्या. ठरलं.

२ एप्रिल, बुधवार

फिरकी. मांड्याचा सगळा जीव इथं आहे, म्हणून तीन दिवस इथंच अडकलेय.

तळवा वर, तळवा खाली, पुन्हा वर. पोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर जाते तेव्हा देणारा तळवा खाली वळतो आणि घेणारा वर. बाहुलीत मी कोपर ते मनगट एकच हाड दिलं होतं आणि वळण मनगटाशी. परिणाम असा की मनगटाशी कातडं पिळलेल्या फडक्यासारखं बारीक होऊन गेलं.

आपल्या हातात तिथं दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं कोपराला बिजागरीसारखं पकडून राहतं, ते फारसं फिरत नाही. अंगठ्याच्या बाजूचं हाड त्याच्यावरून आडवं जातं, तळवा खाली वळला की दोघांची फुली होते. स्वतःच्या हातावर बघता येतं: उजव्या हाताचं कोपर टेबलावर टेकवून डाव्या हाताने कोपराजवळचा भाग धरा आणि तळवा वरखाली करा. कोपराशी जवळजवळ काही फिरत नाही, मनगटाकडे सरकत जाल तसं वळण वाढतं. सगळी लांबी ते वळण वाटून घेते.

म्हणून पुढच्या हाताचे चार तुकडे केले. कोपराशी शून्य, मग पाव, मग अर्धं, मग पाऊण, आणि मनगटाशी पूर्ण. फडकं गेलं, हात आला.

पण मांडा तरी पुरेना. आजीचा तळवा व्हिडिओत जेवढा वळतो तेवढा माझ्या बाहुलीचा ८० आणि ८० मिळून १६० अंशांत वळतच नव्हता. आकडे पुन्हा तपासले, ठीक होते. शेवटी उठून आरशासमोर स्वतः करून पाहिलं. कोपर कमरेशी काटकोनात ठेवलं की तळवा साधारण अर्धा फेरा फिरतो, बस. तोच हात सरळ खाली सोडून फिरवला तर जवळजवळ पूर्ण फेरा. कोपर सरळ झालं की खांद्याचं वळण आणि हाताची फिरकी एका रेषेत येतात आणि एकमेकींत मिळतात. कोपर वाकलं की ती वाट बंद. खांद्याने वळवलं तर आता अख्खा पुढचा हातच दारासारखा उघडतो.

आजी पोळी वाढत जाते तसं कोपर उघडत नेते, ते का, हे आज कळलं. तिचं कोपर उघडतं तेव्हा तिला खांद्याकडून उसनी फिरकी मिळते. उजव्या खांद्यात ती कमी आहे, म्हणून उजव्या बाजूला ती धडच किंचित फिरवते. हे सगळं ती "आसं" या एका शब्दात सांगत होती.

३ एप्रिल, गुरुवार

एका फ्रेममध्ये कोपर उलटं वाकलं. बघून अंगावर काटा आला. हाताच्या टोकाला धरून ओढायची सोय (आयके) वापरली की हाडांवर आधी घातलेली वळणाची बंधनं ती जुमानत नाही, तिच्या मर्यादा हाडाच्या वेगळ्या खान्यात भराव्या लागतात. भरल्या. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हे आधीच करावं, माझा पूर्ण दिवस गेला.

४ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर वीज ये-जा. मामी आली होती, तिचं कोपर मोजलं. शून्याच्याही पलीकडे दहा अंश मागे जातं, तेही काही न दुखता. मॅडमना फोनवर सांगितलं. त्यांनी तिला अंगठा पुढच्या हाताला टेकवायला लावला, टेकला. करंगळी मागे काटकोनापलीकडे, गेली. गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला, टेकले. नऊ गुणांची ही चाचणी बायटन यांच्या नावाने ओळखली जाते, १९७३ ची. मामीचे सात गुण भरले. काही माणसांचे सांधे मुळातच सैल असतात. मामीला मांडा येतो, आणि फार सुंदर येतो.

कोपराचं अजून एक: हात सरळ सोडून तळवे पुढे केले की पुढचा हात दंडाच्या रेषेत राहत नाही, थोडा बाहेर झुकतो. पाच ते पंधरा अंश, बायकांत बहुधा जरा जास्त. मैत्रिणीच्या मॉडेलमध्ये दोन्ही हात काठीसारखे सरळ होते. तिला कळवलं. बाहुली एवढ्याने लगेच बाई दिसायला लागली.

६ एप्रिल, रविवार

बसणं. चूल फुंकायला आजी उकिडवी बसते, टाचा जमिनीला टेकून, आणि तशीच दहा मिनिटं बसते. बाहुलीला बसवली तर ती मागे कोसळली. पुन्हा बसवली, पुन्हा मागे.

कारण साधं आहे. घोट्याला मी तक्त्याप्रमाणे २० अंश दिले होते. तेवढ्यात नडगी पुढे झुकत नाही, बूड मागे राहतं, आणि शरीराचा भार पावलांच्या मागे जातो. उभा माणूस असो की बसलेला, भाराची रेषा पावलांच्या आतच पडायला हवी. मग मी स्वतः बसून पाहिलं. माझ्या टाचा उचलल्या गेल्या. जोर करून टेकवल्या तर मीही मागे गेले. आजी चुलीपासून बघत होती. "तू पडी जाशी," म्हणाली.

तक्त्यातले २० हे पाऊल हवेत असताना, हलक्या हाताने मोजलेले. अंगाचा भार पडला की घोटा पुढे जास्त जातो. आजीची नडगी मोबाइलच्या कोनमापकाने मोजली: बसलेली असताना ३६. गुडघ्याचंही तसंच. तक्त्यात १३५, आजीची पोटरी मांडीला चिकटलेली, दीडशेच्या पुढे. मॅडमनी अजून एक सांगितलं: घोटा मोजताना गुडघा वाकवून घ्यायचा, कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वरून सुरू होतो. गुडघा सरळ असला की तो ताणलेला असतो आणि घोट्याला अडवतो. उकिडवं बसताना गुडघा पूर्ण वाकतो, म्हणून तो स्नायू सैल पडतो आणि घोटा मोकळा होतो. एका सांध्याने दुसऱ्याला परवानगी दिल्यासारखं.

हे माझ्या बंधनांत बसत नाही. ब्लेंडरमधली मर्यादा एकेका सांध्याची असते, ठरलेली. शरीरातली मर्यादा शेजाऱ्यावर अवलंबून असते. गुडघा सरळ ठेवून पाय वर उचला, मांडीमागचा स्नायू ऐंशीएक अंशांत थांबवतो. गुडघा वाकवा, तोच खुबा १२० पर्यंत जातो. खुब्याची मर्यादा किती, या प्रश्नाला "गुडघा कसा आहे" हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. आता घोट्याला गुडघ्याशी आणि खुब्याला गुडघ्याशी ड्रायव्हर जोडतेय. या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे असं मला वाटतं, आणि ॲनिमेशनच्या कोर्समध्ये आम्हाला ती एकदाही सांगितली नव्हती. तिथं "लिमिट टाका, पुढे चला" एवढंच शिकवलं.

परवा गावाबाहेर गव्हाच्या कापणीला बसलेल्या बायका पाहिल्या. विळा हातात, उकिडव्या, तशाच पुढे सरकत. मावशी पूर्वी त्यांच्यात असायची. नव्या गुडघ्याने ती आता खुर्चीवर बसते, जिने चढते, बाजारात जाते. जमिनीवर बसत नाही. चालायला गुडघा साठेक अंश वाकला तरी पुरतो. खुर्चीवरून उठायला नव्वदच्या आसपास लागतात. चुलीपाशी बसायला दीडशे. आमच्या घरात सगळं आयुष्य या शेवटच्या साठ अंशांत चालतं: चूल, पाट, संडास, पंगत.

१३ एप्रिल, रविवार

बाहेर पडवत नाही इतकं ऊन. खिडकीला ओलं पोतं टांगून काम.

कंबर. बाहुली खापराकडे वळताना कमरेतून फिरकीच्या भोवऱ्यासारखी वळत होती. आपण "कंबर वळवली" म्हणतो, पण कमरेच्या पाच मणक्यांचे सांधे उभे एकमेकांत बसलेले असतात, ते वाकू देतात, फिरू देत नाहीत. पाचही मिळून एका बाजूला दहा अंशांच्या आतच. फिरतं ते वर, बरगड्यांच्या मणक्यांत, आणि खाली खुब्यांत. वळण तिकडे हलवलं.

१७ एप्रिल, गुरुवार

मॅडमकडे शेवटचा धडा. त्यांनी माझं कोपर धरून सरळ केलं, अगदी शेवटपर्यंत. टक. हाडावर हाड. मग पूर्ण वाकवलं. इथं शेवट मऊ लागला, मांसावर मांस. मग मनगट मागे नेलं. इथं चामड्याच्या पट्ट्यासारखं, ताणत ताणत थांबलं. "तीनही ठिकाणी सांधा थांबला," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक थांबणं हाताला वेगळं लागतं. ज्या सांध्याने मऊ थांबायला हवं तो टक् करून थांबला तर आम्ही समजतो काहीतरी बिघडलंय."

माझ्या बाहुलीचे सगळे सांधे टक् करून थांबत होते. म्हणून ती बरोबर हलत असूनही लाकडी वाटत होती, आणि मला महिनाभर कळत नव्हतं काय चुकतंय. रात्री बसून प्रत्येक मर्यादेच्या शेवटच्या अंशांची वक्ररेषा बदलली. कोपर सरळ होताना एकदम थांबतं. वाकताना शेवटचे दहा अंश दाबल्यासारखे हळू. मनगट आणि घोटा शेवटी जड होत जातात. उजवा खांदा पंचविसाच्या आधीच, पंधरापासूनच मंदावतो. आजीसारखा.

२४ एप्रिल, गुरुवार

बोटं. हात ढिला सोडून मनगट खाली पाडलं की बोटं आपोआप उघडतात. मनगट मागे उचललं की आपोआप मिटतात. बोटांच्या दोऱ्या मनगटावरून जातात, म्हणून. मनगट पुरतं खाली वाकवून घट्ट मूठ करायला जा, होत नाही. बोटांनाही मनगटाशी जोडलं. आता पोळी झेलताना मनगट उचललं की बोटं किंचित आत येतात, मला एकही की-फ्रेम (स्वतः ठरवून दिलेली स्थिती) द्यावी लागली नाही. ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी पंधरा मिनिटं फक्त तेच बघत बसले.

आखाजीपर्यंत पूर्ण होणार नाही, हे आज मान्य केलं.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. पहाटे घागर भरली, पितरांना पान वाढलं. आत्या माहेरी आल्यात, मागच्या लिंबाला झोका बांधलाय. चुलीवर खापर उपडं, बाजूला आमरसाचं पातेलं.

आजीने चार मांडे केले. पाचव्याला उजवा हात खाली ठेवला आणि मामीला बोलावलं. मी लॅपटॉप उघडला नाही, शेजारी बसून फक्त बघितलं. आजी कलली की मला आता कळतं ती कुठून कलली. मामीला कलावं लागत नाही, तिचे हात नुसते उघडत जातात. दोघींचा मांडा सारखाच पातळ, सारखाच मोठा. खापरावर पडताना दोन्हींचा आवाजही सारखा.

मॅडमनी सांगितलेली काठी दाराआड उभी आहे, आजी रोज सकाळी घेते. दुपारी मोजलं. उजवं बाहेरचं वळण ३०. पाच अंश म्हणजे मोजण्यातल्या फरकाएवढेच, म्हणून काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात परत मोजेन.

८ मे, गुरुवार

सगळं जोडून पहिला पूर्ण रेंडर, म्हणजे तयार चित्रफीत. बाहुली उंडा घेते, झुलवते, पोळी कोपरापर्यंत येते, डावीकडे किंचित कलते, खापरावर टाकते. पीठ मधेच पारदर्शक होतं आणि खालचे हात दिसतात.

आजीला चष्मा लावून दाखवलं. तिने तीनदा पाहिलं. खांद्याबद्दल काही बोलली नाही, बसण्याबद्दल नाही, कोपराबद्दल नाही. चौथ्यांदा पडद्यावर बोट ठेवलं, बाहुलीच्या उजव्या हातावर.

"अंगठा मझार ले. नही ते मांडा फाटस."

मझार म्हणजे आत. अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा असतो, दोन्ही दिशांना हलणारा. त्याच्या मर्यादा मी पहिल्याच दिवशी भरल्या होत्या आणि मग त्याला हातच लावला नव्हता. तो तसाच बाहेर उघडा राहिला होता. आजीचे सगळे व्हिडिओ पुन्हा काढून बघितले. पोळी हातावर आली रे आली की तिचा अंगठा तळव्यात शिरतो आणि मांडा खापरावर पडेपर्यंत बाहेर येत नाही.

फ्रेम ६० ते १,४४०, दोन्ही हात, पुन्हा.